निश्चल देहातला श्रोता

हैदराबादचं हिमायतनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते शाहजादे हिमायत अली खान आझम जाह हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे नातू. या आजोबांविषयी हैदराबादेत एक समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली. त्यांच्या नावाची दुहाई दिली की सापाचं विष उतरतं, असं लोक मानत. कुणाला साप चावला तर मध्यरात्रीही आपल्याला उठवावं, अशी त्यांची ताकीद होती असं सांगतात, आणि १९११ साली ते वारल्यावरही ही दुहाई थांबली नाही. याच राजाच्या पैशाने याच शहरात एक वैज्ञानिक चौकशीही झाली होती. क्लोरोफॉर्म दिलेला माणूस दगावतो तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय, हा तेव्हाचा मोठा वाद होता. एडवर्ड लॉरी या इथल्या शल्यवैद्याच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिलं आणि १८८९ मध्ये दुसरं ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसलं. दुसऱ्यासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना धाडलं आणि खर्चापोटी निजामांनी एक हजार पौंड दिले. हे ब्रंटन सापाच्या विषाचेही जाणकार होते. जोसेफ फेअरर यांच्यासोबत १८७० च्या दशकात त्यांनी भारतीय सापांच्या विषावर प्रयोग केले होते आणि नागाच्या विषाने जनावर मरतं ते मुख्यतः श्वास बंद पडल्यामुळे, कृत्रिम श्वास देत राहिलं तर हृदय पुढेही बराच वेळ चालतं, हे दाखवलं होतं. म्हणजे ज्याच्या नावाने विष उतरतं असं प्रजा मानत होती, त्याच्याच पदरी विष माणसाला नेमकं कशाने मारतं हे ठाऊक असलेला माणूस येऊन गेला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सहसा श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा ठरलेला झगडा सुरू होतो. मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सर्पदंश झालेल्या माणसाच्या उशाशी बसून आपण मंत्र म्हणतो, दुहाई देतो, नामस्मरण करतो, तेव्हा ते ऐकणारं कोण असतं? विष, देव, की तो माणूस?

हा प्रश्न हवेतला नाही. त्याचं अर्धं उत्तर मज्जासंस्थेच्या अभ्यासातून येतं. आपल्याकडे मण्यार बहुधा रात्री चावते, घरात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला. तिचे दात बारीक असतात. जागा सुजत नाही, आग होत नाही, पुष्कळदा दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, मग पापण्या जड होतात. डोळे फिरेनासे होतात, आवाज घोगरा होतो, घोट गिळता येत नाही, मान सावरत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो. घरच्यांना वाटतं, विष डोक्यात गेलं. प्रत्यक्षात विषातले हे घटक मेंदूत शिरतच नाहीत, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्यांना अडवतो. त्यांचा घाव पडतो तो मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या सांध्यावर. नागाचं विष स्नायूच्या बाजूचे ग्राहक अडवून बसतं, म्हणून प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिनसारखं औषध तिथे पुष्कळदा कामाला येतं. मण्यारीचं विष तंतूच्या टोकालाच इजा करतं, म्हणून एकदा लुळेपणा आला की प्रतिविषही तो मागे फिरवू शकत नाही. टोकं नव्याने फुटेपर्यंत कित्येक दिवस, कधी काही आठवडे, यंत्राने श्वास द्यावा लागतो. हा घाव इतका नेमका असतो की तैवानमध्ये १९६३ साली चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून वेगळा केलेला एक घटक पुढे या ग्राहकांचा शोध घेण्याचं साधन ठरला आणि मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराचं कोडं सुटायला त्याची मदत झाली. या नेमकेपणाचा दुसरा अर्थ भयंकर आहे. संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंना हे विष धक्का लावत नाही. बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, हात उचलला तर धपकन पडतो, अशा अवस्थेतला माणूस ऐकत असतो, सुई टोचलेली त्याला कळत असते, आणि ‘आता काही उरलं नाही’ हे वाक्यही त्याच्या कानावर पडत असतं. मेंदू मृत वाटावा अशा स्थितीत पोहोचून नंतर चालत घरी गेलेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही अशा रुग्णाची पापणी वर उचलून त्याला हाताचं किंवा पायाचं बोट हलवायला सांगून पाहावं, अशी सूचना आहे.

दुसऱ्याच्या ठायी चैतन्य आहे हे आपण जाणतो कशावरून? आपल्या दर्शनांनी या प्रश्नाला टाळलेलं नाही. वैशेषिक सूत्रांनी आत्म्याची जी चिन्हं सांगितली, त्यांत अगदी सुरुवातीला श्वासोच्छ्वास आणि पापण्यांची उघडझाप येते. मण्यारीचं विष हीच दोन चिन्हं पुसतं. मग चिन्ह गेलं म्हणजे चिन्हाने दाखवलेली वस्तूही गेली का? नैयायिकांचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. याहून नेमकं हत्यार आहे ते योग्यानुपलब्धीचं. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असा निष्कर्ष केव्हा काढावा? ती असती तर या परिस्थितीत नक्की दिसली असती, एवढी खात्री असेल तेव्हाच. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही म्हणजे तो तिथे नाही. अंधारात दिसत नाही यावरून काहीच ठरत नाही. मण्यारीने दंश केलेल्या माणसाच्या बाबतीत ही पूर्वअटच मोडलेली असते. त्याच्या ठायी जाणीव असती तर ती हालचालीतून दिसली असती, असं म्हणायला जागाच राहत नाही, कारण हालचालीचा प्रत्येक मार्ग विषाने तोडलेला आहे. माझं म्हणणं सारं या एका पायरीवर उभं आहे. जिथे दिसण्याची वाटच बंद आहे, तिथे न दिसण्यावरून कुणाला ‘गेला’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, विषाच्या तेविसाव्या अध्यायात, विषबाधित माणूस मेला हे ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. थंड पाण्याने रोमांच उठत नाहीत, काठीच्या फटक्याचा वळ उमटत नाही, जखमेतून रक्त येत नाही, अशी ती लक्षणं. ती नसतील तर उपचार करावेत, असं तिथे पुढे सांगितलं आहे. या कसोट्या आज अपुऱ्या आहेत, पण त्यांचा रोख पाहण्यासारखा आहे. माणूस बोलत नाही, हलत नाही, यावर त्या भरवसा ठेवत नाहीत. स्नायूंच्या इच्छेवर अवलंबून नसलेली खूण त्या शोधतात.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो. असं असेल तर कुणालाच कधी मृत म्हणता येणार नाही, आणि गावोगावचे मांत्रिक नेमकं हेच सांगतात की सर्पदंशाने मेलेला खरा मेलेला नसतो. सर्पदंशाने गेलेल्याला न जाळता नदीत सोडण्याची जुनी रीत याच आशेवर उभी होती. पण योग्यानुपलब्धीचा नियम दोन्हीकडे कापतो. परिस्थिती योग्य करून घेतली, की न दिसण्याला पुराव्याचं वजन येतं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूचं प्रमाणपत्र चार डॉक्टरांच्या मंडळावर सोपवलं, आणि ही तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. त्याही आधी प्रतिसाद दडपणारी औषधं, विषं, देहाचं घसरलेलं तापमान या सगळ्या शक्यता बाजूला काढाव्या लागतात. कारण सापडलं नाही तर निष्कर्ष थांबवायचा. उपचार करणाऱ्याने इथे घोणसही ध्यानात ठेवायला हवी. तिच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तिथे जाणीव खरोखरच हरपलेली असू शकते. म्हणजे प्रत्येक निश्चल देहात कुणीतरी ऐकतंय असं माझं म्हणणं नाही. नदीत सोडलेल्या देहाची आशा मात्र एका साध्या कारणाने खोटी होती. श्वास थांबल्यावर मेंदूला मिळणारी मुदत काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत कुणी त्याच्या वतीने श्वास घेतला नाही, तर प्रवाह त्याला परत आणत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो मोहक आहे. वेदान्ताला जवळ करणारा वाचक म्हणेल: देह लुळा, इंद्रियं निकामी, तरी आत जाणणारा शाबूत, हाच तर साक्षी. रज्जूवर सर्प भासतो हा दाखला ज्या परंपरेने घरोघर नेला, तिला खऱ्या सर्पानेच साक्षीचा पुरावा आणून दिला. मला हा पुरावा स्वीकारता येत नाही. या रुग्णाची इंद्रियं निकामी झालेली नसतात, फक्त त्याचे स्नायू लुळे पडलेले असतात. आतला जाणणारा टिकतो तो मेंदूला रक्त आणि प्राणवायू मिळतो आहे तोवर. तो पुरवठा तुटला की काही क्षणांत जाणीव मावळते. वेदान्ताचा साक्षी अशा पुरवठ्याच्या आधारावर नाही. तेव्हा या उदाहरणातून आत्मा सिद्ध होत नाही. चार्वाकाचा जय होतो, असंही नाही. जाणीव मेंदूशी बांधलेली दिसते एवढंच इथे कळतं, ती मेंदूखेरीज काही नाही हे कळत नाही. माझ्या युक्तिवादाला या दोहोंपैकी कशाचीच गरज पडत नाही. आत्मा असो वा नसो, त्या खाटेवर दुःख भोगू शकणारा आणि शब्द ऐकू शकणारा कुणीतरी आहे, एवढ्याने आपलं कर्तव्य ठरतं.

आता महबूब अली खानांच्या दुहाईकडे वळू. दुहाईने माणसं बरी झाली, असं सांगणारे सगळे खोटं बोलत होते असं मानायचं कारण नाही. चावणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडताच चावतो. पान लागलं की भीतीने गळून जाणं, घाम फुटणं, भोवळ येणं हेही खरं. चरकसंहितेने तर शंकाविष असा स्वतंत्र प्रकार सांगितला आहे. अंधारात काहीतरी चावलं, साप असावा या धास्तीनेच ताप आणि मूर्च्छा येते, आणि त्यावरच्या उपायांत धीर देणं येतं. अशा माणसाला राजाच्या नावाने उठवून बसवलं असेल तर ते उठणं खरंच होतं. पण दुहाई दिली आणि माणूस वाचला, हा झाला नुसता अन्वय. दुहाई न देताही वाचले असते असे किती, आणि दुहाई देऊनही गेले असे किती, हा व्यतिरेक मोजल्याशिवाय कार्यकारण ठरत नाही. गेलेल्यांची आठवण अशा आख्यायिकांत टिकत नाही. हाच कस क्लोरोफॉर्म कमिशनलाही लावला पाहिजे. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून, श्वास नेहमी आधी थांबतो, हृदयाला धोका नाही, नाडीकडे पाहण्याची गरज नाही, असं लॉरींनी ठामपणे मांडलं. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना हृदयाची लय एकाएकी बिघडून ते बंद पडू शकतं. कमिशनच्या प्रयोगांची पद्धतच अशी होती की हा मृत्यू तिथे नजरेस पडणं अवघड होतं, आणि दिसला नाही म्हणून तो नसतोच असं ठरवलं गेलं. दुहाईवाल्यांना आणि कमिशनला मी एकाच तराजूत घालत नाही. कमिशनने आपले प्रयोग छापले, म्हणूनच लेव्हींना ते खोडता आले. न दिसण्यावरून घाई करण्याची चूक मात्र प्रयोगशाळेतही होते, हे विसरू नये.

विषाला उद्देशून म्हटलेला मंत्र हे जगाविषयीचं विधान आहे. ते तपासता येतं, आणि तपासल्यावर ते टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते वेळ खातं. मण्यारीच्या दंशात पापणी जड होण्यापासून श्वास थांबण्यापर्यंत जो अवधी मिळतो तेवढ्यातच रुग्णालय गाठायचं असतं, आणि तोच अवधी देवळाच्या ओट्यावर कडुलिंबाचा पाला चघळवण्यात जातो. पण माणसाला उद्देशून म्हटलेला शब्द वेगळा. आपल्याकडे अखेरच्या घटकेला कानात रामनाम सांगतात, गीतेचा अध्याय वाचतात. हैदराबादेतल्या मुस्लिम घरांत कानाशी कलमा म्हणतात. जाणत्या लोकांनी ही रीत कान ऐकत असतो या भरवशावर घातली होती, आणि लुळ्या पडलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाच्या बाबतीत तो भरवसा शरीरशास्त्राने अक्षरशः खरा ठरतो. यंत्राच्या आवाजात, डोळे उघडता येत नसताना, आपण कुठे आहोत हे न कळता पडलेल्या माणसाला ओळखीच्या आवाजात त्याचं नाव, वार, वेळ, तू बरा होणार आहेस हे वाक्य, आणि त्याच्या देवाचं नाव ऐकू येणं, याला मी उपचाराच्या पंगतीतच बसवतो. एक इशारा इथे दिलाच पाहिजे. तुळशीचं पाणी, गंगाजल, जमजम यातलं काहीही अशा माणसाच्या तोंडात घालू नये. गिळण्याचे स्नायू लुळे असल्याने ते थेट फुफ्फुसात उतरतं.

विवेकवादी मित्र इथे चिडतील, आणि त्यांच्या चिडण्यामागे बळी गेलेली माणसं आहेत. ते म्हणतील की श्रद्धेला खाटेपाशी बोटभर जागा दिली की ती दारापासून खाटेपर्यंत सगळी जागा व्यापते. चरकाच्या विषावरच्या चोवीस उपक्रमांत मंत्र पहिला आहे, तोच पुढे करून लोक उपचार टाळतात. हा धोका मी नाकारत नाही. पण डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदा पाहा. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्याने गुन्हा ठरवला. नुसत्या प्रार्थनेला त्याने हात लावलेला नाही. रेषा तिथेच ओढायला हवी. वेळेच्या बाबतीत श्रद्धेने उपचाराच्या मागे राहायचं, जवळिकीच्या बाबतीत ती कितीही पुढे येवो. श्रद्धावान माणूस उलट म्हणेल, तुम्ही देवाला नुसत्या दिलाशावर आणून ठेवलंत. मला तसं वाटत नाही. देव ऐकतो की नाही यावर मी इथे काहीच बोललेलो नाही. खाटेवरचा माणूस ऐकतो, आणि त्याला ओलांडून परस्पर विषाशी किंवा देवाशी बोलणाऱ्या प्रार्थनेत त्याची उपेक्षा होते, एवढं मात्र मी ठामपणे म्हणतो. दीनदुबळ्यांत देव पाहायला सांगणाऱ्या संतपरंपरेत वाढलेल्या मराठी भाविकाला हे परकं वाटू नये.

या कर्तव्याचा एक भाग घरच्यांनी करायचा, पण मोठा भाग व्यवस्थेचा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश, तेलंगणासकट, जास्त मृत्यूंच्या राज्यांत होता. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणातल्या महाडमध्ये राहून विंचू आणि सापांच्या दंशाचा अभ्यास केला. वैद्यकाच्या या शाखेतलं खरं ज्ञान खेड्याजवळच्या दवाखान्यातही तयार होतं, हे त्यांच्या कामातून कळतं. हैदराबादच्या हिमायतनगरपासून श्वासयंत्र असलेलं रुग्णालय काही मिनिटांवर आहे. नांदेड जिल्ह्यातही हिमायतनगर नावाचा तालुका आहे, आणि तिथल्या एखाद्या वाडीवर पहाटे पापणी जड झालेल्या शेतमजुराला हे अंतर तासांत मोजावं लागतं. त्या तासांत त्याची जाणीव शाबूत राहणार की नाही, हे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी आणि ती दाबता येणारा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, यावर ठरतं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादमधूनच सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातही आली. तिच्यात बसलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी शिकवलेल्या असाव्यात: मण्यारीचा दंश झालेल्याचा श्वास थांबला म्हणून पिशवी दाबणं थांबवायचं नाही, आणि त्याच्यासमोर तो गेल्यासारखं बोलायचं नाही. अतिदक्षता विभागांनीही घरच्या एका माणसाला अशा रुग्णाजवळ रोज बसू द्यावं, सक्शनची नळी घालण्याआधी परिचारिकेने त्याला ‘आता नळी घालतेय’ असं सांगावं, आणि तो शुद्धीत आहे असं धरूनच वेदनेचं औषध ठरवावं.